वीतभर मर्म

नांदेडच्या गोदाकाठी बंदा घाट आहे. माधोदास बैराग्याचा आश्रम इथे होता, आणि सप्टेंबर 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांची आणि त्याची भेट झाली ती इथेच. हा माधोदास मूळचा राजौरीचा लछमन देव, तारुण्यात पट्टीचा शिकारी. परंपरा सांगते, की त्याने टिपलेली एक हरिणी गाभण निघाली, तिच्या उदरातली पाडसे त्याच्या डोळ्यांदेखत गतप्राण झाली, आणि त्या दिवशी त्याने धनुष्य ठेवले ते वैराग्याच्या वाटा तुडवत गोदातीरी येईपर्यंत पुन्हा उचलले नाही. या कथेपाशी माझे मन वारंवार घुटमळते, ते तिच्यात न उच्चारलेल्या एका तपशिलामुळे: त्याचा नेम चुकला नव्हता.

नेम साधला असे केव्हा म्हणावे, हे अंतरागणिक बदलत जाते. ऑलिंपिकमध्ये 70 मीटरवरच्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ 12.2 सेंटीमीटर व्यासाचे असते. बाण त्याच्या जरा बाहेर गेला तर नऊ गुण मिळतात, आणि कागद काही बोलत नाही. सजीव देहाला मात्र नऊ गुणांचे वर्तुळ नाही. हरणाच्या हृदयाचा आणि फुप्फुसांचा प्रदेश जेमतेम वीतभर. बाण आघाताने मारीत नाही, रक्तस्रावाने मारतो, म्हणून चार बोटे सरकलेला बाण त्या जिवाला झुडपांच्या गर्दीत तासन्‌तासांच्या वेदनेकडे धाडतो. मग कोणत्या अंतरावरून प्रत्यंचा सोडण्याचा आपल्याला अधिकार आहे, हा प्रश्न कौशल्यापेक्षा अधिक सदसद्विवेकाचा होऊन बसतो. माझ्या लेखी त्याची साक्ष आपल्या उत्तम बाणाने द्यायची नसते, सर्वांत वाईट बाणाने द्यायची असते. कारण रानात पहिलाच बाण आखडलेल्या खांद्यांनी, वाऱ्याच्या एखाद्या अनपेक्षित झुळकीत सोडावा लागतो, आणि दुसरा बहुधा मिळतच नाही.

अंतर वाढते तसे निसर्गाचे नियमही धनुर्धराच्या विरुद्ध उभे राहतात. 20 मीटरवर अर्ध्या वितीत पडणारे बाण 40 मीटरवर पुऱ्या वितीत पसरतात, म्हणजे विखुरण्याचे क्षेत्र चौपट होते. साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला 50 मीटरच्या आसपास जातो असे धरले, तर 40 मीटर कापायला त्याला पाऊण सेकंदाहून अधिक वेळ लागतो. प्रत्यंचेचा टणत्कार त्याच्या कितीतरी आधी हरणाच्या कानी पोहोचतो आणि ते दचकून खाली दबते. शिवाय 40 समजलेले अंतर प्रत्यक्षात 44 असेल, तर बाण वीतभराहून अधिक खाली उतरतो. तीच दहा टक्क्यांची चूक 20 मीटरवर चार बोटांच्या आसपासच राहते. म्हणून खरा पारधी बाण लांब फेकण्यात थोर ठरत नाही. वाऱ्याची दिशा ओळखत, श्वासही जपून घेत, जवळ जाण्यात तो थोर ठरतो, आणि त्या जवळ जाण्यातच कदाचित त्याचे मन बदलण्याची शक्यताही दडलेली असते.

जवळ न जाताही नेम साधता येतो, हे दशरथाने दाखवून दिले. घडा भरल्याचा ध्वनी ऐकून त्याने जो बाण सोडला, तो ध्वनीच्या उगमावर अचूक पोहोचला. पाणी भरणारा हत्ती नसून आंधळ्या आईबापांचा मुलगा आहे, एवढेच ज्ञान त्या अचूकतेत नव्हते. माधोदासाची हरिणी तर डोळ्यांसमोर होती, तरी तिच्या उदरात काय आहे ते कोणत्या अंतरावरून दिसणार होते? नेम चुकू नये म्हणून शिकारी अंतर मोजू शकतो. ज्याला आपण टिपतो आहोत तो कोण, हे त्या मोजणीत कधीच येत नाही.

आणि तरीही गुरू गोविंदसिंगांनी या वैराग्याच्या हाती भात्यातले पाच बाण दिले. गुरू स्वतः शिकारी. नांदेडचा शिकार घाट गुरुद्वारा त्याच स्मृतीचा, आणि हुजूर साहिबच्या तख्तावर त्यांची शस्त्रे आजही जपलेली आहेत. मला वाटते, बाण काय करतो हे ज्याच्या हाताला विसरता येत नव्हते, त्यालाच ते देण्याजोगे होते. हा माझा तर्क. इतिहास एवढेच सांगतो, की बंदा सिंग बहादुर होऊन तो पंजाबकडे निघाला, आणि ऑक्टोबर 1708 मध्ये गुरूंनी नांदेडलाच देह ठेवला. मारेकऱ्याने केलेली जखम शिवून बरी होत आली असता एक कणखर धनुष्य ताणताना ती पुन्हा उसवली, असे परंपरा सांगते.

आता नेमाची विद्या मैदानावर आली आहे. 2023 मध्ये बर्लिनला विश्वविजेता ठरताना नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढतीत 50 मीटरवरून 150 पैकी 150 गुण घेतले, आणि साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली. मराठी मुलांच्या या यशाचा मला निर्मळ आनंद आहे. लातूर-नांदेडच्या शिवारात मात्र हरणांचे कळप कोवळ्या पिकात उतरतात, आणि रात्र जागून काढणाऱ्या शेतकऱ्याचा संताप खोटा नसतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातले आहे, त्यामुळे त्याच्यावर बाण रोखण्याचे कोणतेच अंतर आता मान्य नाही. ते मला योग्य वाटते. पण त्या संरक्षणाची किंमत एकट्या शेतकऱ्याने मोजू नये. पीक गेले, तर भरपाई पुढच्या पेरणीआधी त्याच्या हाती पडलीच पाहिजे.