निशाणाचा मान आणि देवाची उपासना

ऑगस्ट महिना जवळ आला म्हणजे मोहाडी तालुक्यातील आमच्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत एक प्रश्न हटकून निघतो. तो असा की, राष्ट्रीय निशाणास वंदन करणे ख्रिस्ती मनुष्यास योग्य आहे काय? शाळेत शिकविणारा बंधू, ग्रामपंचायतीत निवडून आलेली भगिनी, आणि मूर्तिपूजा सोडून नुकताच बाप्तिस्मा घेतलेला नवा विश्वासी, हे तिघेही हा प्रश्न निरनिराळ्या मनांनी विचारतात. एकास नोकरीची काळजी असते, दुसरीस गावकऱ्यांच्या बोलण्याची, आणि तिसऱ्यास देवाच्या पहिल्या दोन आज्ञांची. प्रश्न लहान दिसतो. परंतु ज्याच्या सदसद्विवेकबुद्धीस तो टोचतो त्यास तो लहान नसतो. म्हणून वाचकांनी आम्हांबरोबर त्याचा शांतपणे विचार करावा, अशी विनंती आहे.

घोटाळ्याचे मूळ पुष्कळ अंशी 'वंदन' ह्या शब्दातच आहे. आपण आईबापांस वंदन करितो, गुरुजींस वंदन करितो, आणि प्रार्थनामंदिरात परमेश्वरासही वंदन करितो. शब्द एक, पण अर्थ एक नव्हे. आईबापांपुढे वाकणारा मुलगा त्यांस देव समजत नाही. मान ज्याचा त्यास द्यावा असे प्रेषित पौलाने रोम येथील मंडळीस शिकविले, आणि त्या वेळी गादीवर मूर्तिपूजक बादशहा होता. तर मान पुष्कळांस देता येतो; उपासना मात्र एकाचीच. तेव्हा खरा प्रश्न हा की, निशाणापुढे आपणांकडून जे मागितले जाते ते मान आहे की उपासना? हे अंदाजाने ठरवू नये. कायदा काय मागतो ते पाहावे.

आपले तिरंगी निशाण घटनासमितीने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारले. तो ठराव मांडताना पंडित नेहरूंनी स्पष्ट सांगितले की, ह्या रंगांस कोणत्याही जातिधर्माचा अर्थ लावलेला नाही. त्या समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते. पुढे १९७१ साली राष्ट्रीय मानचिन्हांच्या अपमानास आळा घालणारा कायदा झाला, आणि २६ जानेवारी २००२ पासून ध्वजसंहिता लागू झाली. ही संहिता सांगते की, निशाण चढविताना किंवा उतरविताना उपस्थित असलेल्या सर्वांनी त्याकडे तोंड करून सावधान उभे राहावे, आणि जे गणवेशात असतील त्यांनी सलामी द्यावी. ह्यापलीकडे पूजेचे एक अक्षरही तीत नाही. उलट, ज्या काठीवर निशाण फडकते त्या काठीवर किंवा तिच्या शेंड्यावर फुले वा हार घालू नयेत, असा नियम आहे. पुष्कळ गावी ध्वजस्तंभाच्या बुडाशी नारळ फोडतात, हळदकुंकू वाहतात, उदबत्ती लावितात. हा गावचा रिवाज होय, कायद्याचा हुकूम नव्हे. ख्रिस्ती मनुष्याने त्या पूजेत हात घातला नाही म्हणून तो अपराधी ठरत नाही. आणि तो सावधान उभा राहिला म्हणून मूर्तिपूजकही ठरत नाही.

कायदा निशाणास देव समजत नाही ह्याचे आणखी एक प्रमाण आहे. सनदशीर मार्गाने निशाणात बदल घडवून आणावा ह्या हेतूने कोणी त्यावर टीका केली, तर तो अपमान नव्हे, असे त्या १९७१ च्या कायद्यातच म्हटले आहे. ज्याची लोक उपासना करितात त्याच्या दुरुस्तीची सूचना कोण करील?

कापडाचेही तसेच. आमच्या ह्या तालुक्यात आंधळगाव हे कोशाच्या कापडाविषयी प्रसिद्ध आहे. मागावर बसणारा विणकर जाणतो की, एकाच ताण्याच्या कापडातून एकाचे धोतर होते आणि दुसऱ्याचे कफन. धाग्यात पावित्र्य नसते. निशाण पूर्वी हातसुताचे व हातमागाचेच असावे असा नियम होता; ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरचे आणि पॉलिएस्टरचे कापडही चालू लागले. कापड बदलले, मान बदलला नाही. तरी तेच कापड फाटले तर ते फडकवू नये, चिंध्या करून टाकू नये, तर एकांतात, शक्यतो जाळून, संपूर्ण नष्ट करावे, असे संहिता सांगते. कारण निशाण ज्याची खूण आहे त्या लोकसमुदायाचा तो मान आहे. आणि निशाण जमिनीस लागू देणे किंवा भगवा रंग खाली करून लावणे हा गुन्हा केव्हा होतो? ते बुद्धिपुरस्सर केले तर. वाऱ्याने पडलेल्या निशाणासाठी कायदा कोणास धरीत नाही. म्हणजे मनुष्यांचा कायदासुद्धा हातापलीकडे हेतू शोधतो. मग अंतःकरण पारखणाऱ्या देवाविषयी काय सांगावे?

तथापि सावधगिरीचा एक शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे. मोशेने अरण्यात पितळेचा सर्प काठीवर टांगला, तो देवाच्याच आज्ञेने. परंतु पुढे लोक त्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकिला. खूण चांगली होती. लोकांनी तिला देव केले हे वाईट झाले. देशावर प्रीती करणे चांगले. पण देशाच्या नावाने शेजाऱ्याचा द्वेष करणे रास्त ठरू लागले, तर खुणेपुढे धूप जळू लागला असे समजावे, मग उदबत्ती कोणी लावो वा न लावो.

कायद्याने मान उत्पन्न होतो काय? आपल्या जवळच्या नागपुरास विचारावे. तेथे १९२३ साली सिव्हिल लाइन्सकडे निशाण घेऊन जाण्यास सरकारची मनाई होती. तरी मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत शेकडो माणसे निशाण हाती घेऊन निघाली आणि तुरुंगात गेली; वर्ध्याचे जमनालाल बजाज त्यांत होते, आणि पुढे वल्लभभाई पटेलांनी ती चळवळ चालविली. तेव्हा निशाणास कायद्याचे पाठबळ नव्हते, तरी मान होता. आज कायदा अपमानाबद्दल तीन वर्षांपर्यंतची कैद सांगतो. कैदेच्या भीतीने हात आवरता येतो. प्रीती मात्र भीतीने उपजत नाही.

आता ज्या बंधूचे मन इतके समजावूनही धजत नाही, त्याचे काय? केरळातील 'यहोवाचे साक्षी' पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहत, पण गात नसत. म्हणून १९८५ साली त्यांस शाळेतून काढण्यात आले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, उभे राहण्यात योग्य आदर आहे, आणि त्यांस काढणे हा त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग होय. त्या पंथाचे मत आम्हांस मान्य नाही. राष्ट्रगीत आम्ही आनंदाने गातो. परंतु न्यायाधीशांनी जी सहनशीलता दाखविली तीहून कमी सहनशीलता ख्रिस्ताच्या मंडळीने आपल्या दुर्बळ भावास दाखवावी काय? त्यास देशद्रोही म्हणू नये, आणि धीटाने अशक्तास अविश्वासीही म्हणू नये. त्यास वचन समजावून सांगावे व वाट पाहावी.

उपदेशकांनी काही व्यवहाराच्या गोष्टी मंडळीस अवश्य सांगाव्या. घरावर निशाण लावण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी मान्य केला आहे, आणि जुलै २०२२ पासून ते घरावर रात्रीही ठेविता येते. परंतु स्वातंत्र्यदिनाच्या उपासनेसाठी उपदेशपीठावर तिरंगा पांघरू नये. वक्त्याच्या मेजावर त्याचे आच्छादन करणे कायद्याने अपमान होय. त्यावर वचन किंवा मंडळीचे नाव लिहू नये. मुलांच्या हातची कागदी निशाणे सायंकाळी गटारात दिसू नयेत. आणि जो बंधू सैन्यात सेवा करून मरण पावला त्याच्या पेटीवरचे निशाण पेटीबरोबर कबरेत उतरवू नये.

असो. निशाणाखाली उभे राहताना आपण एक मूक वचन देतो की, ह्या सावलीत जे कोणी राहतात ते आमचे शेजारी आहेत. धान कापणारा मजूर, विडी वळणारी विधवा, आणि ज्याच्या घरचे पाणी अजून कोणी पीत नाही तो मनुष्यही त्यांत आला. त्यांस तुच्छ लेखून निशाणास केलेली सलामी पोकळ होय. देवाची उपासना देवालाच द्यावी, निशाणास मान द्यावा, आणि दोन्हींची पारख आपल्या दारी येणाऱ्या शेजाऱ्याशी आपण कसे वागतो ह्यावरून व्हावी.