वाटलंच होतं मला

संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या होम मैदानावर एक वासरू वर्षाचं भविष्य सांगतं. सिद्धेश्वर यात्रेतला होमविधी आटोपला की देशमुखांचं मानाचं वासरू गर्दीसमोर आणतात. दिवसभर उपाशी ठेवलेल्या त्या जिवापुढे धान्य, फळं मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बिथरतं की शांत राहतं, यावरून भाकणूक होते. त्यानं मूत्रविसर्जन केलं, तर पाऊस बरा होणार म्हणून गर्दीत समाधान पसरतं.

शिकलो-सवरलो तसा मी या वासराला हसू लागलो. पुढे एका परिचिताला कर्जासाठी जामीन राहिलो. कागद नीट वाचले नाहीत. ‘माणूस सरळ आहे, आतून वाटतंय’ एवढ्यावर सही केली. तो हप्ते बुडवून मोकळा झाला, तेव्हा घरी म्हणालो, ‘‘वाटलंच होतं मला.’’ बायकोनं शांतपणे विचारलं, ‘‘कधी वाटलं होतं? मला तर बोलला नाहीत.’’

त्या प्रश्नानं माझं हसू थांबवलं. आतून वाटणं म्हणजे काय, आणि त्याच्यावर कधी विसंबावं, हे मी तेव्हापासून शोधतो आहे.

पहिलं उत्तर आमच्या गल्लीतल्या, भाकऱ्या करून विकणाऱ्या अक्कांकडे मिळालं. परातीतल्या पिठाला हात लागताच त्या म्हणतात, ‘‘विरी गेलीय, आधण लागेल.’’ जुन्या पिठाचा चिकटा गेला की थंड पाण्यात ते वळत नाही, थापताना चिरा पडतात. ‘‘कसं कळलं, अक्का?’’ ‘‘हाताला कळतंय की.’’ इतकंच. यंत्रमागाच्या शेडमध्येही हेच. खटखटाटात आपल्याला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि जुना विणकर पाठमोरा उभा असतानाच वळतो, कारण चौथ्या मागावरच्या धोट्याचा ताल बिघडलेला असतो.

यात गूढ काही नाही. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली बुद्धिबळपटूंवर प्रयोग केले. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली, तर निष्णात खेळाडूला ती नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त आठवे. मोहरी कशीही विखरून ठेवली, की त्याची आघाडी जवळजवळ नाहीशी होई. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अफाट नव्हती, त्याला डावांची ओळख होती. सायमन यांच्या मते अंतःप्रेरणा म्हणजे ही ओळखच. अक्कांचा हात हजारो पिठं ओळखतो.

मग माझा ‘सरळ माणूस’ का चुकला? डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांचे या विषयाकडे पाहण्याचे दृष्टिकोन वेगळे होते. क्लाइन अग्निशमन दलातल्या अनुभवी अधिकाऱ्यांच्या झटपट निर्णयांनी प्रभावित, तर कानेमन तज्ज्ञांच्या आत्मविश्वासाबद्दल साशंक. २००९ साली दोघांनी मिळून लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं एकमत झालं. ज्या क्षेत्रात अंदाज बांधायचा, तिथे काही नियमितपणा हवा. आणि तो नियम अंगवळणी पडेल इतका सराव, चूक-बरोबर कळण्याच्या संधीसह, मिळायला हवा. आपल्याला किती ठामपणे वाटतं, हा मात्र पुरावा नव्हे.

भाकरी या कसोटीला उतरते. तव्यावर दोन मिनिटांत निकाल लागतो: फुगली, पदर सुटला, की चिरली. मागावर चूक लगेच कापडात दिसते. पावसाचं तसं नाही. आमच्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात वर्षाला एकदा उत्तर मिळतं, तेही एका तालुक्यात एक आणि दुसऱ्यात दुसरं. जामीन राहण्याची वेळ तर आयुष्यात दोन-तीनदाच येते. तिथे सराव कसला आणि सुधारणा कसली! अशा ठिकाणी कागद वाचावेत, चार लोकांना विचारावं.

अंदाज सुधारायचा, तर निकाल जवळ आणावा लागतो. मी एक वही केली. वाटलं की तारखेसह लिहायचं: काय वाटतंय, किती खात्री, कधी कळेल. पुढे निकाल, चुकलेलाही. वर्षभरात वहीनं मला माझीच ओळख करून दिली. मी मास्तर, फळ्याकडून वळताच कोणत्या मुलाला गणित कळलेलं नाही, हे मी बहुधा बरोबर ओळखतो, कारण तीस वर्षं लगेच प्रश्न विचारून खात्री करत आलोय. पैशाच्या बाबतीत मात्र माझं मन जितकं ठाम, तितकं चुकीचं. वही नसती, तर बरोबर आलेले चार अंदाज तेवढे लक्षात राहिले असते.

आणि इथेच त्या वासराबद्दल आदर वाटू लागला. त्याला पावसातलं काही कळत नाही, हे माझं मत कायम आहे. पण त्याची भाकणूक जानेवारीत होते, पावसाच्या आधी, भर मैदानात, हजारोंच्या साक्षीनं. दिवाळीला कुणालाही पडताळता येते. माझी भाकणूक मात्र नेहमी दिवाळीनंतर व्हायची.

गेल्या यात्रेत मी वही खिशात घेऊन गेलो. वासराची भाकणूक टिपली, खाली माझा पावसाचा अंदाज लिहिला आणि घरी येऊन बायकोची त्यावर सही घेतली.