त्रास नसताना डॉक्टरकडे

मधुमेहासाठी डॉक्टरकडे कधी जावे, याचे आपल्या घरांतले ठरलेले उत्तर म्हणजे ‘काही त्रास झाला की’. तापाला, पोटदुखीला ते चालते. मधुमेहाला चालत नाही, आणि त्याचे कारण शरीराच्या कामकाजातच आहे. उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ किंवा त्याहून जास्त भरली आणि फेरतपासणीतही तेच दिसले, की मधुमेहाचे निदान होते. मूत्रपिंडे मात्र गाळलेली साखर रक्तात परत घेत राहतात. साधारण १८० च्या पुढे ती त्यांना आवरत नाही, मग ती लघवीवाटे जाते आणि सोबत पाणीही ओढून नेते. वारंवार लघवी आणि न भागणारी तहान ही लक्षणे तिथून सुरू होतात. त्याआधी माणूस वर्षानुवर्षे धडधाकट वावरतो, पण डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा तेवढ्यात झिजू लागलेल्या असतात. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या सुमारे निम्म्या रुग्णांत अशा हानीच्या खुणा आधीच आढळल्या होत्या.

‘मी तर सडपातळ आहे’ हा दिलासाही आपल्याकडे फसवा ठरतो. अंगाने बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरात चरबीचे प्रमाण बरेच असू शकते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणून तपासणीची वेळ तक्रारीवर न सोडता वयावर आणि धोक्यावर ठरवायला हवी. तिशी ओलांडली, आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह आहे, पोटाचा घेर वाढला आहे किंवा गरोदरपणात साखर वाढली होती, यांतले एकही कारण पुरेसे आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. धडधाकट माणसांना तपासण्यांच्या मागे लावून फायदा काय? केंब्रिजच्या परिसरात झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सामूहिक तपासणीमुळे दहा वर्षांत मृत्यू कमी झाले नाहीत, हे खरे आहे. पण तिथे फॅमिली डॉक्टरांकडे एरवीही निदान होत होते. आणि माणूस जगला तरी त्याची दृष्टी टिकली का, पाय वाचला का, हे मृत्यूच्या आकड्यांवरून कळत नाही. उलट, उंबरठ्यावरच्या भारतीयांनी आहार आणि व्यायाम बदलला, तर सुमारे अडीच वर्षांत मधुमेहाचा धोका पाव हिश्श्याहून थोडा जास्त घटतो, हे चेन्नईच्या २००६ च्या अभ्यासात दिसले. शिवाय यासाठी महागडे पॅकेज लागत नाही. साखरेची एक साधी चाचणी पुरते आणि तिशीपुढच्यांसाठी ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत असते.

काही वेळी मात्र एक दिवसही थांबू नये. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, तळव्याची जखम दुखत नाही पण भरतही नाही, तेव्हा त्याच दिवशी दाखवावे. मूल अचानक वाळत चालले, सारखे पाणी मागू लागले, पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर त्याची साखर त्याच दिवशी तपासावी. सोबत उलट्या, जोरजोरात श्वास किंवा गुंगी असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. बाकी सर्वांनी त्रासाची वाट पाहू नये. तिशी ओलांडली असेल आणि साखर कधीच तपासली नसेल, तर या आठवड्यातच तपासून घ्यावी.