कृत्य आणि त्याचे नाव

विद्यार्थिनींना लैंगिक अत्याचाराबद्दल विचारायचे तर काय घडले ते विचारायचे, की घडलेल्याला त्या काय म्हणतात ते? प्रश्नावली आखणाऱ्याला ही तांत्रिक अडचण वाटते. पण दुसऱ्याच्या अनुभवाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा तत्त्वज्ञानातला जुना वाद तिच्यात दडलेला आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कॉस यांनी ३२ शिक्षणसंस्थांतील ६,१५९ विद्यार्थी-विद्यार्थिनींची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. कॉस यांनी नावापेक्षा कृत्यांवर भर दिला: हात पिरगाळून, दाबून धरून किंवा धमकावून कोणी मनाविरुद्ध संभोग केला का? चौदाव्या वर्षानंतर बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न यांच्या कायदेशीर व्याख्येत बसणारा अनुभव २७.५ टक्के विद्यार्थिनींना आलेला होता. मात्र ज्यांचा अनुभव बलात्काराच्या व्याख्येत बसत होता, त्यांच्यापैकी जेमतेम २७ टक्के जणी त्याला बलात्कार म्हणत होत्या.

याच आकड्यावर बर्कलेचे प्राध्यापक नील गिल्बर्ट यांनी बोट ठेवले. जी स्वतःला बलात्कारपीडित म्हणत नाही, तिला संशोधकाने परस्पर तसे ठरवायचे, हा कुठला न्याय? पुरुषाने दारू पाजल्यामुळे संबंध आला का, हा कॉस यांचा प्रश्न मोघम होता, हेही त्यांचे म्हणणे रास्तच. बाईच्या शब्दाला किंमत द्या म्हणणाऱ्यांनीच तिचा शब्द बाजूला सारला, हा आक्षेप सहज झटकून टाकता येत नाही.

त्याला सर्वांत बळकट उत्तर मिळते ते मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ स्त्रीच्या २००७ सालच्या मांडणीत. समाजाच्या भाषेतच एखाद्या अनुभवासाठी शब्द नसला, तर तो भोगणाऱ्यालाही नीट उमगत नाही. फ्रिकर याला अन्यायच मानतात. कॉर्नेल विद्यापीठात नोकरी करणाऱ्या कार्मिटा वुड यांचे उदाहरण त्या देतात. एका प्राध्यापकाच्या अंगचटीला कंटाळून वुड यांनी नोकरी सोडली आणि बेकारभत्त्यासाठी अर्ज केला. नोकरी सोडण्याचे कारण विचारले, तेव्हा त्यांना सांगता आले ते एवढेच, की कारण वैयक्तिक आहे. भत्ता नामंजूर झाला. ‘लैंगिक छळ’ या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या स्त्रियांनी १९७५ साली रूढ केला, तो यानंतर.

म्हणजे नाव न देणे हा काही घडले नसल्याचा पुरावा नव्हे. अमेरिकी विद्यापीठांच्या संघटनेने २०१५ साली २७ विद्यापीठांत पाहणी केली, तेव्हा बळजबरीच्या संभोगाला सामोऱ्या गेलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक जणांनी तक्रार न करण्याचे कारण दिले ते ‘तेवढे गंभीर वाटले नाही’ असे. (तिला प्रतिसाद मिळाला १९.३ टक्के; ज्यांना सांगण्यासारखे काही आहे तेच अधिक उत्तर देतात, ही शंका अहवालानेही नोंदवली आहे.) तरी गिल्बर्ट यांच्या आक्षेपातला एक भाग शिल्लक राहतोच. पाहणीने कृत्ये मोजावीत. ‘तू पीडित आहेस’ असे एकेकीला सांगण्याचा अधिकार पाहणीला नाही.

मराठीत ही अडचण आणखी टोकदार होते. ‘छेडछाड’ म्हटले की प्रकार थट्टेवारी जातो, ‘अतिप्रसंग’ म्हटले की नेमके काय झाले ते झाकले जाते. कायद्यातून आलेला ‘विनयभंग’ तर अडचणीचाच, कारण ‘तुमचा विनयभंग झाला का?’ या प्रश्नाला उत्तर देताना मुलीला आधी आपल्या विनयाचाच हिशेब द्यावा लागतो. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा मात्र स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे अशी कृत्येच मोजतो, आणि ती नकोशी होती का एवढेच पाहतो. महाविद्यालयासाठी मराठीत प्रश्नावली करणाऱ्यांनी ‘विनयभंग’ वगळावा आणि साधे ‘नको असताना हात लावला का?’ असे विचारावे.