वाचणाऱ्याचा कंठ

जें आपण स्वतः पाळिलें नाहीं, तें दुसऱ्यास मोठ्यानें वाचून दाखवावें काय? प्रिय वाचकहो, हा प्रश्न आम्हांस एका कादंबरीनें घातला.

अमेरिकेंतील टोपीका शहरचे पाळक चार्ल्स शेल्डन यांनीं १८९६ सालीं 'इन हिज स्टेप्स' ही कथा रविवारच्या सायंकाळच्या उपासनेंत एकेक अध्याय करून आपल्या मंडळीस वाचून दाखविली. तींत कांहीं ख्रिस्ती लोक अशी प्रतिज्ञा करितात कीं, आपल्या जागीं प्रभू असता तर त्यानें काय केलें असतें, हें स्वतःस विचारल्यावांचून वर्षभर कांहींच करावयाचें नाहीं. कथा मुळांतच कानांकरितां लिहिलेली. आतां २००५ सालीं निघालेल्या लिब्रिव्हॉक्स या उपक्रमांत देशोदेशींचे स्वयंसेवक हक्कमुक्त पुस्तकें विनावेतन वाचून त्यांचें ध्वनिमुद्रण करितात, व तें सर्वांस फुकट ऐकावयास मिळतें. तें पाहून आमच्या मंडळींतील एका वृद्ध गुरुजींकरितां, ज्यांची दृष्टि गेली आहे, आम्हीं ही कथा घरींच वाचावयास घेतली.

पहिल्याच अध्यायांत पाळकसाहेब शुक्रवारीं सकाळीं उपदेश लिहीत असतां एक बेकार मुद्रक दारीं येतो, आणि कामांत गढलेले पाळकसाहेब त्यास वाटेला लावितात. (नव्या यंत्रामुळें त्याची नोकरी गेलेली असते. आज यंत्रें पुस्तकेंही वाचूं लागलीं आहेत. पण यंत्रास पाळावयाची प्रतिज्ञा नसते.) नेमका हाच भाग वाचतांना आमच्या दारावर थाप पडली. कोणी मजूर काम मागत होता. मुद्रण बिघडेल म्हणून आम्हीं खिडकींतूनच त्यास हातानें जा म्हणून खुणाविलें, आणि मोठ्या कळवळ्यानें पुढें वाचूं लागलों.

कोणी म्हणतील, वाचणारा केवळ पन्हळ. पन्हळ मातीची असली तरी पाणी निर्मळच येतें. आम्हांस हें पुरतें पटत नाहीं. पन्हळीस कान नसतात. वाचणारा तर पहिला श्रोता. उलट, अपात्रानें मुकेंच राहावें म्हटलें, तर कोणत्या खेड्यांतील देवळांत शास्त्रपाठ होईल? वाचावें, असेंच आमचें मत आहे. परंतु जो कळवळा अंगीं नाहीं तो आवाजांत आणूं नये. शब्द साधेपणानें पुढें ठेवावा, म्हणजे ऐकणाऱ्याबरोबर तो आपणांसही लागूं शकतो.

आम्हीं तो अध्याय पुनः, सपाट आवाजांत वाचिला. परंतु गुरुजींकडे पहिलीच प्रत धाडिली. तींतील थाप कसली म्हणून त्यांनीं विचारिलें, आणि आम्हांस सर्व सांगावें लागलें.