जक्कयाचा हिशेब

मराठीत चुका बहुतेक वेळा आपोआप होतात. कप फुटतो, फाईल गहाळ होते, फोन करायचा राहून जातो. फोडणारा, हरवणारा वाक्यात नसतोच. फार तर 'माझ्या हातून झालं' असं म्हणतो आपण. म्हणजे दोष हाताचा आणि मी बाजूला उभा.

घरातल्या कपापुरतं हे ठीक आहे. पण ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ च्या मधल्या रात्री शहापूरजवळ सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम सुरू असताना गर्डर बसवणारं अजस्र यंत्र गर्डरसकट कोसळलं आणि २० माणसं गेली. कुठकुठल्या राज्यांतून कामासाठी आलेली माणसं. बातम्यांमधलं वाक्य नेहमीचंच: 'दुर्घटना घडली.' राज्य सरकारने ५ लाख आणि केंद्राने २ लाखांची मदत जाहीर केली, कंत्राटदारांवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही वाहनांसाठी खुला झाला. दोषी कोण हे कोर्टाने ठरवायचं, मी नाही. मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. जिथे एकेका कागदावर दहा-दहा सह्या असतात, तिथे काही बिघडलं तर 'मी' असं म्हणणारा माणूस येणार कुठून?

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी यावर एक तोडगा काढलाय. त्याला 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणतात. सर्व्हर बंद पडला की टीम बसते, मिनिटामिनिटाचा घटनाक्रम लिहून काढते, पण कुणावर ठपका ठेवायचा नाही असा नियम असतो. नोकरी जायची भीती असली की माणूस पुरावे लपवतो. ती भीती काढून घेतली की तोच स्वतःहून सांगतो, 'ती कमांड मी चालवली होती.' ही पद्धत मला मनापासून पटते. पण तिच्यात एक माणूस सहसा येतच नाही, ज्याचं नुकसान झालं तो. सिस्टिम दुरुस्त होते. ज्याचा फॉर्म शेवटच्या तारखेला भरायचा राहिला, त्याच्याकडे कोण जातं?

बायबलमध्ये हा घोळ पहिल्या तीन अध्यायांतच सुरू होतो. देव आदामाला विचारतो, तेव्हा आदाम हव्वेकडे बोट दाखवतो आणि त्याच दमात देवाकडेही, कारण ही बाई मला दिलीस तूच. हव्वा सापाकडे बोट दाखवते. जगातलं पहिलं पोस्टमॉर्टेम, आणि मूळ कारण: साप! गंमत म्हणजे दोघांनी सांगितलेला घटनाक्रम अगदी बरोबर आहे. खोटं कुणीच बोललेलं नाही.

या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारा माणूस मला वाटतो तो लूकच्या १९ व्या अध्यायातला जक्कय. यरीहोचा मुख्य जकातदार, श्रीमंत आणि बुटका. येशूला बघायला तो झाडावर चढला. (मराठी बायबलात ते झाड उंबराचं आहे, त्यामुळे लहानपणी तो मला मुरबाडहून माळशेजला जाताना दिसणाऱ्या एखाद्या उंबरावर बसलेला वाटायचा.) 'सिस्टिमच तशी आहे' हे उत्तर त्याच्याकडे तयार होतं. कर रोमचा, वसुली हाताखालच्यांची, तो फक्त मुख्य. येशू खालून हाक मारतो आणि म्हणतो, आज माझा मुक्काम तुझ्या घरी. आधी चूक कबूल कर, अशी अट नाही. जक्कय तोंड उघडतो ते त्यानंतर. इथवर सगळं ब्लेमलेसच आहे.

मग मात्र तो आकडे बोलतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाला लुबाडलं असेल तर त्याला चौपट परत. आता हा चौपटीचा दर बघा. गणनाच्या ५ व्या अध्यायातल्या नियमाप्रमाणे आपला अपराध कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर एक पंचमांश द्यायचा. १०० चे १२०. चौपट भरपाई येते ती निर्गमच्या २२ व्या अध्यायात, दुसऱ्याचं मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला. १०० चे ४००. जक्कय १२० मध्ये सुटू शकला असता. त्याने स्वतःला मेंढरं चोरणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. साहेबांची ती 'प्रशासकीय त्रुटी' आणि गरिबाची ती चोरी, हा भेद निदान स्वतःपुरता तरी त्याने ठेवला नाही.

त्याच्याही वाक्यात 'असेल तर' आहे, हे खरं. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी' हे पुढाऱ्यांचं वाक्य तुम्हाला आठवेल. पण पुढाऱ्यांच्या त्या 'तर'नंतर कुणाच्या हातात काही पडत नाही. जक्कयाच्या 'तर'पुढे दर ठरलेला आहे.

ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना एक पळवाट चांगली माहीत असते: देवाने क्षमा केली, विषय संपला. डीट्रिच बोनहोफर या जर्मन पाळकाने १९३७ सालच्या आपल्या पुस्तकात तिला स्वस्त कृपा म्हटलं होतं. मत्तयच्या ५ व्या अध्यायात तर येशू सांगतो, अर्पण वेदीपुढे तसंच ठेव आणि आधी भावाशी समेट करून ये. म्हणजे रविवारची उपासना अर्ध्यावर सोडायची, आसनगावला लोकल पकडायची आणि ज्याला दुखावलं त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. देव तोवर थांबेल.

मग त्या दहा सह्यांच्या कागदाचं काय? जक्कय काही अख्ख्या रोमन साम्राज्याच्या करांचा हिशेब देत बसत नाही. त्याच्या हातून गेलेल्या पैशांपुरतं तो बोलतो. सहावी सही करणाऱ्यालाही सगळा पूल खांद्यावर घ्यायचा नाही. सही करताना त्याने काय तपासलं आणि काय न बघता पुढे पाठवलं, एवढंच त्याने सांगायचं. 'आपण सगळेच जबाबदार आहोत' हे वाक्य ऐकायला उदात्त वाटतं, पण 'घडलं' या शब्दाइतकंच ते पोकळ आहे.

अर्थात, ज्याने हे सांगितलं त्याच्याकडे त्या दिवशी मुक्कामाला जाणार कोण? जक्कयाच्या गोष्टीत लोक कुरकुरले ते चौपटीवर नाही, तर येशू असल्या माणसाच्या घरी उतरला यावर. सहावी सहीवाल्याने तोंड उघडलं की त्याची कंपनी, त्याचे सहकारी, मोबाईलवर त्याचा फोटो फिरवणारे आपण, यांच्यातला एक तरी त्याच्या घरी जेवायला जाईल का?

पुढचं लूक सांगत नाही. दुसऱ्या दिवशी जक्कयाच्या दारात किती लोक आले, कुणी रक्कम फुगवून सांगितली का, अर्धी मालमत्ता वाटून झाल्यावर चौपट द्यायला पैसे पुरले का. तो हिशेब बघायला मला आवडलं असतं.