पालकाचे पान आणि सेवेचा पहिला धडा



श्रीमद्भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील सव्विसाव्या श्लोकात, भक्ताने काय अर्पण करावे हे सांगताना भगवंतांनी पहिले नाव घेतले ते पानाचे. फूल, फळ आणि पाणी त्यानंतर येतात. या श्लोकाचा उल्लेख मी कितीतरी लेखांत हिंदीतून मराठीत उतरवला. पण पान म्हणजे तुळशीचे किंवा बेलाचे, एवढेच मनात असायचे.

गेल्या हिवाळ्यात आईच्या तपासणीत रक्त कमी निघाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली आणि आहारात पालेभाजी वाढवायला सांगितली. मी बी.कॉम.चा विद्यार्थी. कॉलेजातून आलो की भाषांतराच्या सेवेला बसायचो, संध्याकाळी ग्वारीघाटावर नर्मदामाईच्या आरतीला जायचो. परत येईपर्यंत ताट वाढलेले असायचे. ते वाढणारी किती थकली आहे, हे मी कधी विचारले नव्हते.

त्या दिवशी मी पहिल्यांदा पालकाची जुडी सोडली. पाने परातीत भिजवली, पाण्यासकट चाळणीत ओतली आणि भरपूर पाण्यात उकळून काढली. आई पहिल्याच घासाला थांबली. दाताखाली रेती कचकचली होती. तिने काही न बोलता सगळे संपवले. माझी मान खाली गेली. 'सेवा' हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला होता, पण आईच्या घासातली रेती मला दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईने खाटेवरूनच शिकवले. "अरे, परात ओतू नकोस. ओतलीस की तळाची रेती पुन्हा पानांवर येते. पाने हातांनी वर उचल, रेती आपोआप खाली राहील." असे तीन वेळा, परातीच्या तळाशी काही दिसेनासे होईपर्यंत. जाड देठ काढायचे, कोवळे ठेवायचे. मोदकपात्रात खाली दोन बोटे पाणी उकळू द्यायचे, वर जाळीवर पाने ठेवून झाकण लावायचे. साधारण तीन मिनिटांत पाने मऊ पडतात. रंग हिरवागार आहे तोवरच उतरवायची. वर चिमूटभर मीठ आणि लिंबू.

यामागे कारणही आहे. भरपूर पाण्यात उकळले की क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात उतरतात आणि ते पाणी आपण ओतून देतो. वाफेवर हे नुकसान कमी होते. पालकातले लोह शरीराला सहज मिळत नाही. लिंबाने ते अधिक मिळते, जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहाने कमी. मात्र पालक गोळ्यांची जागा घेत नाही. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

परातभर पाला वाफवला की वाटीभर होतो. हिशेब शिकणाऱ्या मला आधी तो तोटाच वाटला. मग लक्षात आले, यात मुख्यतः पानांचा ताठा गेला. आपल्यातला ताठाही असाच मंद आचेवर, रोजच्या कामात उतरतो. दोषांचेही तसेच आहे. सारखे ढवळत बसलो की गढूळ पाणीच वर येते. एखाद्या चांगल्या कामात मनाला वर उचलून घ्यावे, रेती खाली राहते.

सोलापूर जिल्ह्यातील अरणच्या संत सावता माळी यांनी आपल्या भाजीच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. मळ्याचे काम हीच त्यांची पूजा होती. मी मात्र देवाला घाटावर शोधत होतो आणि माझी पंढरी घरात खाटेवर होती.

आता काही संध्याकाळी माझी आरती चुकते. त्या वेळी मी परातीतून पाने उचलत असतो आणि आई तिथूनच विचारते, "तिसरे पाणी झाले का रे?"

बंधू-भगिनींनो, या आठवड्यात एक छोटा संकल्प करूया. आपल्या घरी रोज जे हात वाढतात, त्यांना एक दिवस बसवूया. एक जुडी पालक आपण निवडूया, तीन पाण्यांनी धुऊया, वाफवूया आणि ताजा असतानाच त्यांच्यासमोर ठेवूया. भगवंतांनी मागितलेले पान तेच आहे, असे समजूया.